वीटकरी स्वेटरची शेपटी

आमच्या घरातल्या प्रत्येक स्वेटरला शेपटी असायची. बाहेरून दिसायची नाही, आतून असायची. विणकाम संपलं की बाकीच्या बायका लोकरीचं शेवटचं टोक टाक्यांत दडवतात, गाठ मारतात, कात्रीने कुरतडतात आणि मोकळ्या होतात. माझी आई तसं करत नसे. ती वीतभर टोक आत लोंबतं ठेवायची, त्याचा एक सैल फास बांधायची आणि म्हणायची, "उसवायची वाट बुजवू नये." लोकरीला गाठ मारणारा माणूस तिच्या लेखी माणसातच जमा नव्हता.

ती शेपटी मानेला टोचायची. शाळेत मी आणि दादा कायम मान खाजवत बसलेले असायचो. बाईंनी एकदा दादाच्या डोक्यात उवा आहेत का हेही तपासून पाहिलं. दादाने घरी येऊन थयथयाट केला, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "पुढच्या वर्षी हा तुला आखूड होईल. तेव्हा हीच शेपटी धरून ओढायची आहे. टोचते म्हणून कापलीस तर कुठून सुरू करू, तुझ्या डोक्यापासून?"

कारण आमच्याकडे स्वेटर जुना होत नसे, तो दुसऱ्याचा होई. थंडीची चाहूल लागली की आई सगळे स्वेटर पलंगावर मांडायची आणि आम्हा दोघांना दाराच्या चौकटीला उभं करायची. कोण किती वाढलं ते पाहायची. मग एकेका स्वेटरची शेपटी शोधून ओढायला लागायची आणि भराभर ओळीमागून ओळ उसवत जायची. दादाचा निळा माझ्याकडे यायचा, माझा पिवळा टोपी आणि मोजे व्हायचा, मोज्यांतून उरलेलं किटलीच्या अंगावर चढायचं. उसवलेली लोकर अशी कुरळी निघे की जणू तिला जुने टाके सोडवतच नव्हते. आई तिच्या लड्या करायची, कोमट पाण्यातून काढायची आणि न्हाणीघरातल्या दांडीवर टांगून प्रत्येक लडीला खाली एक जुनं कुलूप अडकवायची, म्हणजे वजनाने ती सरळ व्हावी. ज्या कुलपांच्या किल्ल्या हरवल्या होत्या त्यांना आमच्या घरात एवढं एकच काम होतं. हिवाळाभर आंघोळ करताना डोक्यावर कुलपं लटकत असायची. आलेल्या पाहुण्यांना याचा खुलासा करावा लागे.

एवढं करूनही लोकर कमी पडायचीच. दोन मुलं वाढतात म्हणजे लोकर काही वाढत नाही. मग आईची नजर बाबांच्या स्वेटरकडे वळायची, आणि ती वळायच्या आत बाबा तो काढून तिच्यासमोर ठेवायचे.

बाबा बस चालवत. पहाटेची पहिली बस त्यांची. अंधारात उठायचे, स्वतःचा चहा स्वतः करायचे आणि गळ्याभोवती नुसता रुमाल गुंडाळून निघायचे. आई म्हणायची, "अहो, पण तुम्हाला?" त्यावर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं: "मला कसली थंडी? माझ्या शेजारी इंजिन असतं. शेगडी घेऊन बसल्यासारखंच आहे ते." हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ड्रायव्हर लोकांचा हेवा वाटायचा. मोठी झाले की आपणही इंजिनाशेजारी बसायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. झाले दातांच्या कवळ्या बनवणारी. दादा म्हणतो, बोलायला लागणारे दात हिच्याकडे मुळातच जास्तीचे होते, तेच ती लोकांना वाटते.

खरी मजा लडीचा गुंडा करताना यायची. बाबा संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, की आई लडी त्यांच्या दोन्ही हातांवर चढवायची आणि स्वतः समोर तिच्या खुर्चीत बसायची. तिच्या खुर्चीला उजवा हात नव्हता. विणताना सुई आपटते अशी तिने एकदाच तक्रार केली होती, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी तो हात करवतीने कापून टाकला होता. चांगल्या जोडीतली खुर्ची! पण त्याबद्दल तिने ब्र काढला नाही. तर बाबा हात पुढे करून बसायचे, अगदी स्टिअरिंग धरल्यासारखे, आणि आई गुंडाळायला लागली की लोकर सुटावी म्हणून हात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवायचे. मी त्यांच्या मांडीवर असायची, दादा पाठीला लटकलेला. बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "धरा घट्ट, वळण आलं!" आणि आम्ही सगळेच एका बाजूला झुकायचो. मग दुसऱ्या बाजूला. दादा तोंडाने हॉर्न वाजवायचा. आई ओरडायची, "अहो, लडी आहे ती, बस नाही! गुंता झाला तर तुम्हीच सोडवायचा." बाबा म्हणायचे, "पुढचा स्टॉप चहा." त्याहून सुखाची जागा मला पुढे कुठे मिळाली नाही, हे मी सरळ सांगून टाकते.

मग आम्ही मोठे झालो, म्हणजे मूर्ख झालो. दुकानातले पातळ, मऊ, बिनशेपटीचे स्वेटर आम्हाला आवडायला लागले. त्याच सुमारास आईने बाबांसाठी एक वीटकरी रंगाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला होता. तो उसवायची वेळच आली नाही, कारण त्यातून काही विणून मागणारं कोणी उरलं नव्हतं. बाबांनी तो निवृत्त होईपर्यंत घातला, नंतरही घातला. ते गेले, दादा नोकरीसाठी दूर गेला तो तिकडचाच झाला, आणि तो स्वेटर मी माझ्या कपाटात नेऊन ठेवला. थंडी पडली की घरात मी तोच घालते. कोपरांवर तो विरला आहे, खांद्यावर सैल आहे. मानेशी काहीतरी टोचतं. ती आईची शेपटी, म्हणून मी कधी आत डोकावून पाहिलंही नाही.

आता घरात आम्ही दोघीच. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही आणि आई माझ्या भानगडीत पडल्याशिवाय राहिली नाही, असं आमचं बरं चाललं आहे. संध्याकाळी दिवा ओढून मध्ये घेतो, किटलीत चहा, मांडीवर शाल, आणि दोघींच्या हातात लोकर. मी क्रोशाची. आईला क्रोशा मान्य नाही. "एका सुईचं काम म्हणजे लंगडी घालणं," असं ती म्हणते. मी चिडून घरातल्या प्रत्येक वस्तूला क्रोशाचं काहीतरी घातलं आहे. दाराच्या मुठींनासुद्धा. "उद्या मी जास्त वेळ हलले नाही तर मलाही घालशील," आई म्हणते.

तर यंदा दादाचा फोन आला. त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला, दिवस गेले होते. आई पणजी होणार. पूर्वी आई टेलिफोनच्या ऑफिसात होती, लोकांच्या लाइनी जोडून द्यायची. फोनवर अजूनही ती सरकारी आवाजातच बोलते. "बातमी मिळाली. आनंद झाला. ठेवते," असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि डोळे पुसत माझ्याकडे वळली.

"बाळाला स्वेटर करायचा. तुझ्या बाबांचा वीटकरी काढ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काढ म्हणजे?"

"काढ म्हणजे आण. उसवू या."

"आई, काहीतरी काय! बाबांचा तेवढाच एक राहिला आहे."

"म्हणूनच तर. नाहीतर कशातून करू?"

"दुकानातून लोकर आणते ना मी. हवी तितकी आणते. त्या स्वेटरला हात लावायचा नाही."

"विणला कोणी तो?"

"विणलास तू. पण आता माझा आहे तो!" मी ओरडलेच. पन्नाशी उलटलेली बाई मी, पण 'माझा आहे' म्हणताना आवाज सातवीतल्या मुलीचा निघाला. आईने चष्मा काढला, तोंड फिरवलं आणि म्हणाली, "लाइन व्यस्त आहे." ती रागावली की हे एवढं म्हणते, आणि मग दिवसच्या दिवस लाइन व्यस्त राहते.

राहिलीच. जेवण झालं का, औषध घेतलंस का, सगळ्याला मानेनेच उत्तर. मी कामावर कवळ्यांना पॉलिश करत होते आणि मनात तिच्याशी भांडत होते. का द्यायचा? त्याच्या कोपराला बाबांच्या कोपराचा आकार आहे. तो उसवला की नुसती लोकर उरेल, आणि बाबा त्यातून कायमचे निघून जातील. हे माझं म्हणणं मला इतकं पटलेलं होतं की दोन कवळ्या मी जरा जास्तच घासल्या.

येताना दुकानातली सगळ्यात मऊ पांढरी लोकर घेऊन आले आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिने हात फिरवून पाहिला. "छान आहे. मांजरासारखी आहे," म्हणाली. म्हणजे लाइन सुरू झाली. तिने टाके घातले, चार बोटं पट्टी विणली. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर पट्टी तेवढीच. तिसऱ्या दिवशीही तेवढीच. ती सुया हातात धरून, खिडकीकडे पाहत, नुसती बसलेली.

"बोटं दुखतात का?"

"नाही."

"मग डिझाइन चुकलं?"

"नाही गं. लोकर सरसर सुटते. अडतच नाही कुठे." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला काय, तू तो अंगात घालतेस. तुला ते भेटतात. मला तो मोठा होतो, आणि मी घालून तरी काय, माझी रीत ती नव्हतीच. मला माणूस बोटांतून कळतो. त्यांचा स्वेटर उसवताना मला कळायचं, कुठे घामाने कडक झालाय, कुठे पट्ट्याने घासलाय. तेवढंच. एकदा माझ्या हातातून जाऊ दे, एवढंच म्हणत होते मी. बाळ काय, पांढरंही घालेल."

इतके दिवस मला वाटत होतं की मी बाबांना राखते आहे आणि ती त्यांना मोडायला निघाली आहे. तिच्या बाजूने हे भेटणं होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी उठले, कपाटातून वीटकरी स्वेटर आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. देताना जीव तुटला, नाही कशाला म्हणू? पण दिला.

आईने तो आधी नुसता चाचपला. मग उलटा केला आणि गळ्याची पट्टी दिव्याखाली धरली. सगळ्यात शेवटी गळपट्टी विणतात, म्हणून शेपटी तिथेच असते, मानेमागे, आतून. तिची बोटं सरळ तिथे गेली आणि थांबली.

"हे काय आहे?"

मी वाकून पाहिलं. सैल फास नव्हता. लोकरीचं टोक दुमडून त्याला गाठ मारलेली होती. एक नाही, गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी गाठ, बसच्या टपावर सामानाला दोर बांधतात तशी. आणि एवढ्यावर न थांबता ते सगळं काळ्या जाड दोऱ्याने गळपट्टीला शिवून टाकलेलं, वेडेवाकडे, गोणी शिवल्यासारखे मोठमोठे टाके. इतकी वर्षं माझ्या मानेला टोचत होतं ते हेच.

"मी असलं काही केलेलं नाही," आई एखाद्या आरोपीसारखी म्हणाली. "गाठ? मी?"

"दोरा बघ ना, आई."

तो दोरा आम्ही दोघी ओळखत होतो. बाबांच्या डब्याच्या पिशवीचा पट्टा तुटायचा, तेव्हा ते स्वतः दाभण घेऊन याच दोऱ्याने शिवायचे. आईला हात लावू द्यायचे नाहीत. तुझे टाके फार नाजूक, पट्टा डब्याचा आहे, म्हणायचे.

आईने ते टाके अंगठ्याने दाबून पाहिले. एकदा, पुन्हा एकदा. मला वाटलं ती हसणार. चांगलीच हसण्यासारखी गोष्ट होती. एवढा थोराड माणूस बायकोची नजर चुकवून कुठेतरी, बहुतेक डेपोत, मांडीवर स्वेटर घेऊन दाभणाने शेपटी शिवत बसलेला. मी हसायला तोंड उघडलंच होतं.

"म्हणजे वाजत होती की गं त्यांना थंडी," आई म्हणाली.

माझं तोंड तसंच मिटलं.

"इंजिन म्हणे. शेगडी म्हणे." तिचा आवाज फुटला. "दर वर्षी मी ओढून घेतला त्यांच्या अंगावरून. आणि हे द्यायचे. एकदा तरी म्हणायचं, नको, राहू दे मला. मी काय खाल्लं असतं त्यांना?"

"तू मागितलाच नाहीस ना हा नंतर."

"पण त्यांना काय माहीत मी मागणार नाही ते? दर थंडीला धाकधूक असेल त्यांना." ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही लागली. "लबाड कुठले! माझ्या नाकाखाली गाठ मारतात!"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मलाही रडू येत होतं. थंडीत काकडलेले बाबा मला दिसत होते, गळ्याला रुमाल, पहाटेचा अंधार, आणि मी उबदार अंथरुणात इंजिनाची स्वप्नं पाहत पडलेली. पण खोटं का बोलू, मनातून मी थोडी जिंकलेही होते. बाबांनीच सांगितलं होतं, उसवायचा नाही.

आईने नाक पुसलं आणि स्वेटर माझ्याकडे सरकवला. "घे. त्यांनी नको म्हटलंय. आयुष्यात एकदा नको म्हटलं त्या माणसाने, आणि ते मला आत्ता पोचलं. ट्रंक कॉलसुद्धा एवढा वेळ घेत नसे. नाही उसवायचा."

मी स्वेटर घेतला. हवं होतं ते मिळालं होतं, आणि समोर आईचे दोन हात मांडीवर रिकामे पडले होते. ते हात मला बघवेनात. मी उगाच स्वेटर सुलटा करायला लागले, बाही बाहेर ओढली, तर काखेच्या वर, जिथे बाही अंगाला जोडतात तिथे, आत काहीतरी लोंबलं. मी बाही पुन्हा उलटी केली.

वीतभर टोक. सैल फास. आईच्या हातचा.

दुसरी बाही पाहिली. तिथेही तसाच. स्वच्छ, मोकळा, कोणी बोटसुद्धा न लावलेला.

"आई," मी म्हटलं, "बाह्यांना गाठ नाही मारली त्यांनी."

ती पुढे झुकली. चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. दोन्ही बाह्यांच्या शेपट्या तिने दोन हातांत धरून पाहिल्या. बाह्या वेगळ्या विणून मग जोडतात. त्या सोडवल्या तर अंगाला काही होत नाही, एवढं बाबांनाही ठाऊक होतं. इतक्या लड्या धरल्या होत्या त्यांनी.

"बघ म्हणजे," ती हळूच म्हणाली. "नाही म्हणायचं, तेसुद्धा निम्मंच. पोट झाकलं, आणि हात सोडले मुलांसाठी."

"मुलं कुठली, आम्ही दुकानातले घालत होतो."

"मग ज्यांना लागतील त्यांच्यासाठी. दोन बाह्यांत एक बाळ सहज बसतं."

मी कात्रीच्या टोकाने शिवण सोडवली. अंग बाजूला झालं, ते मी तिथल्या तिथे घातलं. बिनबाह्यांचा, मानेला टोचणारा. मग आईने पहिल्या बाहीचा फास सोडला आणि ओढलं. इतक्या वर्षांनी तो टाका पटकन सुटला, वाट मोकळीच होती. शिवणीच्या आत दडलेली लोकर अजून तशीच होती, नव्या विटेसारखी लाल, आणि मग हळूहळू विटलेला रंग सुरू झाला. आई डोळे मिटून उसवत होती. कोपरापाशी आली तेव्हा तिची बोटं मंदावली. "इथे खिडकीवर टेकायचे," म्हणाली. मनगटापाशी म्हणाली, "इथे घड्याळ."

लड्या झाल्या, कोमट पाण्यातून निघाल्या. कुलपं मी माळ्यावरून शोधून आणली. लड्या वाळल्या त्या संध्याकाळी दिवा मध्ये घेतला. आई तिच्या एका हाताच्या खुर्चीत बसली, मी समोर स्टुलावर बसून हात पुढे केले, आणि तिने बाबांच्या बाहीची लडी माझ्या हातांवर चढवली. माझे दंड उघडे होते, गार पडले होते. तिने ते तळव्यांनी चोळले.

"थंडी वाजते का गं?"

"वाजते," मी म्हटलं. आमच्या घरात ते कोणीतरी एकदा सांगायला हवंच होतं.

तिने तिच्या मांडीवरची शाल काढून माझ्या खांद्यांवर टाकली, टोक शोधलं आणि गुंडाळायला लागली. लोकर सुटावी म्हणून मी हात डावीकडे कलवले, मग उजवीकडे. गुंडा तिच्या हातात संत्र्याएवढा झाला होता. आयुष्यभर लडीला लडी म्हणा असं आम्हाला दटावणारी माझी आई गुंड्यावरून नजर न काढता, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली,

"धर घट्ट. वळण आलं."